पॅनेलच्या मापाचा हार

दिवस गेल्या दसऱ्याचा. खर्च होडी, सौर पॅनेल, बॅटरी आणि मोटर मिळून एकसष्ट हजार चारशे. उपस्थित मी, सौ. आणि माझी आई, वय एकोणऐंशी.

देवीचे देऊळ धरणाच्या पलीकडच्या काठावर. रस्त्याने गेले तर दोनशे पायऱ्या, पाण्याकडून तीनच. गुडघ्यांमुळे आईला अकरा वर्षे ओटी भरता आली नव्हती, आणि "आता राहिलंच ते," असे ती त्या वर्षी पहिल्यांदा म्हणाली. माझा विश्वास देवापेक्षा आकड्यांवर. आदल्या दिवशीच्या चाचण्यांत बॅटरी उतरली होती. पण सकाळच्या चार तासांच्या उन्हात ती पंधरा अँपिअर-तास भरणार, जाऊन-येऊन बारा लागणार. सौ. म्हणाली, "अहो, एक वल्हं घेऊया." हिशेबात वल्ह्याची गरज निघत नव्हती.

आईला बरे वाटावे म्हणून सकाळी आठला होडीवरच्या पॅनेलची पूजा केली. नारायण पेठेतून मुद्दाम करून आणलेला झेंडूचा भरगच्च हार, साडेतीन फुटी, मीच त्यावर आडवा घातला.

बाराला निघालो. पाण्याच्या बरोबर मधोमध मोटर थांबली. मी मीटर पाहिला, वायरी पाहिल्या, सौ.कडे पाहायचे टाळले. आई नऊवारीवर लाइफ जॅकेट घालून, ओटीचे ताट मांडीवर धरून बसली होती. तिच्याकडे पाहून मी आयुष्यात प्रथमच मनापासून हात जोडले.

थर्माकोलच्या तराफ्यावरून एक मासेमार जवळ आला. "ओढायचं मला झेपायचं न्हाई. पण साहेब, ह्यो हार कशापायी? आमच्या छपरावर बी हाय असलं. सावली पडली की वीज खल्लास."

"सूर्यनारायणाच्याच तोंडावर हार टाकलास होय रे!" आई म्हणाली.

"मापाचा आहे," सौ. म्हणाली.

हार काढला. मग पन्नास मिनिटे करण्यासारखे काही नव्हते. होडी वाहू नये म्हणून तो माणूस ती धरून बसला. आधी मी दर मिनिटाला मीटर पाहिला, मग पाहणे सोडले. ऊन आपले येत होते. त्यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते. मध्ये न येणे, एवढेच माझ्या हाती होते.

मोटर सुरू झाली. आईने ओटी भरली, हार देवीला वाहिला. आता मी रोज गच्चीत सूर्याला नमस्कार करतो. हार घालत नाही.

त्या माणसाने पैसे घेतले नाहीत. शेवटी दिले ते आपट्याचे एक पान, आईच्या हातून, त्याला. "सोनं घ्या," ती म्हणाली, आणि त्याने ओला हात आधी सदऱ्याला पुसला.