भिंतीवरचा एकुलता एक स्क्रू

बाळाला घेऊन हॉस्पिटलमधून घरी आलो त्या दुपारी बाहेर बर्फ नव्हता, पण गारठा असा की कान जागेवर आहेत की नाहीत ते हात लावून बघावं. दार उघडलं आणि आतली ऊब अंगावर आली. आई दारातच उभी होती. माझ्या बाळंतपणासाठी ती नांदेडहून आठवड्यापूर्वीच आली होती. तिने लेकीला माझ्या हातातून घेतलं, सरळ हॉलच्या समोरच्या भिंतीपाशी नेलं आणि तिथल्या बुद्धांच्या तसबिरीपुढे उभं राहून त्रिसरण म्हटलं. मी बूटसुद्धा न काढता बघत राहिले. टाके दुखत होते, दूध नीट उतरत नव्हतं, तरी मला फार बरं वाटलं. झालं एकदाचं हे घर, असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ते घर आम्हाला भाजायला लागलं.

आम्ही तेव्हा जर्मनीत, र्युसेल्सहाइममध्ये राहायचो. नवरा आणि मी दोघेही गाड्यांच्या धंद्यातले. माझं काम सेन्सर तपासण्याचं. नव्याने आलेल्या मुलांना मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे की सेन्सर खोटं बोलत नाही, तो जिथे बसलाय तिथलं खरं सांगतो, म्हणून आकड्यावर संशय घेण्याआधी तो कुठे बसलाय ते जाऊन बघा. अशा बाईच्या घरात साधी हीटिंग असून कसं चालेल? उन्हाळ्यातच आम्ही स्मार्ट थर्मोस्टॅट आणला होता. भिंतीवर टांगायचा एक पांढरा चौकोनी डबा, तो खोलीचं तापमान मोजणार आणि रेडिएटरच्या व्हॉल्व्हवर बसवलेल्या छोट्या मोटरींना बिनतारी निरोप देणार, उघडा नाही तर बंद करा. आम्ही फक्त फोनवरून हुकूम सोडायचे. एकवीस अंश म्हटलं की एकवीस. बसवल्यापासून त्या डब्याकडे आम्ही परत बघितलंही नव्हतं.

आता हुकूम एकवीसचाच होता आणि रेडिएटरला हात लावला तर चटका बसत होता. बाळाच्या आंघोळीसाठी आणलेलं बदकाच्या आकाराचं थर्मामीटर मी टेबलावर ठेवलं, तर बदक म्हणालं अठ्ठावीस.

बाळंतपणानंतर जर्मनीत घरी येऊन बघणारी सुईण असते, हेबामं म्हणतात तिला. आमची हेबामं उंच, केस बारीक कापलेली, बोलायला कमी. ती आली, कोट काढला, मग स्वेटर काढला, मग माझ्याकडे बघितलं. "इथे बाळ राहतं की टोमॅटो पिकवताय?" असं तिने जर्मनमध्ये विचारलं. मग तिने तिचा तराजू काढला. स्प्रिंगचा काटा, त्याला खाली आकडा, आकड्यात फडक्याची झोळी आणि झोळीत माझी मुलगी. वजन जन्माच्या वेळेपेक्षा कमी झालं होतं. थोडं घटतंच, ती म्हणाली, पण एवढं नको. उकाड्याने बाळ गुंगीत राहतं, प्यायला उठत नाही. घर थंड करा, कपडे कमी करा, उठवून पाजा. "शुक्रवारी परत वजन करते. वाढलं नसेल तर किंडरक्लिनिक."

किंडरक्लिनिक म्हणजे मुलांचं हॉस्पिटल. नुकत्याच ज्या पांढऱ्या कॉरिडॉरमधून सुटून आलो, तिथेच परत, आणि या वेळी तिच्या नाकात नळी. माझ्या डोक्यात तेवढंच एक चित्र फिरायला लागलं. मुलगी खरंच उठत नव्हती. तळपाय चोळले, गालाला ओलं फडकं लावलं तर दोन घोट प्यायची आणि परत डोळे मिटायची. ती झोपली की मी उठायचे. बसवत नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं. बाळाचं पोट माझ्या हातात नव्हतं, दूध माझ्या हातात नव्हतं. हीटिंग मात्र माझ्या विषयातली गोष्ट होती, तेव्हा मी हीटिंगवरच तुटून पडले.

अॅप उघडलं तर त्यात खोलीचं तापमान चौदा दाखवत होतं. घामाने माझा गाऊन पाठीला चिकटलेला आणि फोन म्हणतोय चौदा! सॉफ्टवेअर अडकलं असणार, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"आल्झो, रीसेट करून बघू," नवरा म्हणाला. आल्झो म्हणजे, तर मग.

अॅप काढलं, परत टाकलं. राउटर बंद केला, चालू केला. रेडिएटरवरच्या मोटरींची बटणं दाबून व्हॉल्व्ह हाताने बंद केले. थोड्या वेळाने घूंऽऽ असा आवाज यायचा आणि ते आपले आपण परत उघडायचे. नवऱ्याने चिडून एक मोटर उचकटूनच काढली, तर तो रेडिएटर आणखी तापला, कारण मोटर नसली की व्हॉल्व्ह सताड उघडा राहतो. आगीतून फुफाट्यात. मग आम्ही एकच शहाणपणाची गोष्ट केली, घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. आणि गंमत अशी की जितक्या खिडक्या उघडाव्या तितके रेडिएटर चेवाने तापायचे. बाळाला या खोलीतून त्या खोलीत हलवत, कुठे वारा लागतोय, कुठे झळ लागतेय ते बघत मी घरभर येरझारा घालत होते.

हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला, बोलावलं. त्याने रेडिएटरवर पंजा ठेवला आणि समाधानाने मान हलवली. "हीटिंग चालते आहे," तो म्हणाला. चालते हीच तर तक्रार आहे, असं मी सांगितलं. त्याच्या नोकरीत कुणी अशी तक्रार केली नसावी. फोनवाल्या हीटिंगशी आपला संबंध नाही, हे त्याने दोनदा सांगितलं आणि बूट पुसून निघून गेला.

माझा संशय आईवर होता. तो काही हवेतून आला नव्हता. आमच्या घरात नवस-सायास, दृष्ट-बिष्ट काही मानत नाहीत, आई आयुष्यभर शाळेत मुलांना तेच शिकवत आली. पण बाळंतिणीला आणि बाळाला शेक हवाच, हे तिच्या मते विज्ञान होतं. येताना तिने ओवा आणि बाळंतशोपा आणल्या होत्या आणि आल्या दिवशीच इथे शेगडी कुठे मिळेल ते विचारलं होतं. मी तोडून टाकलं होतं, "आई, शेगडी पेटवलीस तर स्मोक अलार्म वाजेल आणि फायर ब्रिगेड जिना चढून येईल." अलार्म तसाही वाजायचाच, तिच्या फोडणीने. म्हणून ती स्वयंपाकघराची खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवायची.

आई दुपारी बाळाचे कपडे घड्या करत बसली होती. मी समोर जाऊन उभी राहिले आणि सरळ विचारलं, "हीटिंग तू वाढवलीस ना?"

"मी? मला त्या फोनमधलं काय कळतंय?"

"मग घर का तापतंय असं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. त्या उकाड्यात तिच्या अंगात मी तिच्यासाठी घेतलेला लोकरीचा जाड स्वेटर होता आणि कपाळावर घाम. "अगं, मला वाटलं तूच तापवलंस," ती म्हणाली. "शेगडीला नाही म्हणालीस, मग तुला वाटलं असेल आईचं मन मोडलं. म्हणून सगळ्या घराचीच शेगडी केलीस. मी म्हटलं, चला, पोरीनं एकदा तरी ऐकलं आपलं."

"इथे तिचं वजन वाढत नाहीये आणि तुला शेक सुचतोय," मी म्हणाले.

आईने घडी केलेलं झबलं परत उलगडलं आणि परत घडी केलं.

शेवटी मी थर्मोस्टॅटच्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजल्यावर एक बाई बोलायला आली. मी तिला अॅप, राउटर, मोटरी, सगळं धडाधडा ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "गेनाऊ, बरोबर," ती म्हणाली, "आता कृपा करून भिंतीवरच्या डब्यापाशी जा आणि त्याच्यावर काय दिसतंय ते मला वाचून दाखवा."

मी फोन कानाला लावून हॉलमध्ये गेले, समोरच्या भिंतीपाशी उभी राहिले आणि वर बघितलं. बुद्ध शांतपणे माझ्याकडे बघत होते.

"काय दिसतंय?" बाईने विचारलं.

"इथे बुद्ध आहेत," मी म्हणाले.

"वी बिटं?" ती म्हणाली. म्हणजे, काय म्हणालात?

मी फोन ठेवून दिला.

त्या भिंतीकडे मी दिवसातून कितीदा बघितलं असेन! रोज बाळाला खांद्यावर घेऊन तिच्यासमोरूनच येरझारा घालत होते. पण तिथे काही चुकलंय असं मला एकदाही वाटलं नाही. कसं वाटणार? वडिलांच्या बदल्यांपायी आम्ही गावोगाव घरं बदलली, आणि प्रत्येक घरात दारासमोरच्या भिंतीवर तीच तसबीर होती. ट्रकमधून सामान उतरलं की आई आधी हातोडी शोधायची. पहिला खिळा बुद्धांचा, मग बाकीचा संसार. माझ्या डोळ्यांना ती तसबीर दिसली नाही तर खटकलं असतं. दिसली, म्हणून सगळं जागच्या जागी आहे असं ते धरून चालले. आपल्या घरात जर्मनीला आल्यापासून ती कधीच नव्हती, एवढंही माझ्या लक्षात आलं नाही. घरमालकाच्या भीतीने आम्ही भिंतींना हात लावला नव्हता. सबंध हॉलमध्ये एकच स्क्रू होता, आणि तो थर्मोस्टॅटचा.

"आई," मी हाक मारली, "इथला पांढरा डबा कुठंय?"

"ते घड्याळ?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "सारखं एकवीसवर अडकलेलं. तुम्ही हॉस्पिटलात होता तेव्हाच काढलं. बंद घड्याळ कशाला लेकराच्या डोळ्यासमोर? आणि खिळा तेवढा एकच सापडला मला. लेकरू घरात येणार, भिंत मोकळी कशी ठेवायची? फेकलं नाही गं, नीट ठेवलंय."

नीटच ठेवलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत, कोथिंबिरीच्या कुंडीमागे, घडी घातलेल्या रुमालावर. वर तिरकी उघडी खिडकी, तिच्यातून डिसेंबरची हवा थेट त्याच्या डोक्यावर. डब्यावर चौदाचा आकडा होता. बिचारा किती दिवस खरं तेच सांगत होता, मला इथे चौदाच लागतंय, आणखी तापवा.

नवरा आधी हसला. मग त्याने आईचा चेहरा बघितला आणि हसू आवरलं. त्याने आईला समजावून सांगितलं, तो डबा काय करतो, रेडिएटर का तापत राहिले. आईने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्यामुळे बाळाचं वजन..." एवढंच ती म्हणाली.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण राग आणि भीती अजून उतरली नव्हती, मी डब्यावरच्या चौदाकडेच बघत राहिले. नवरा "नाही नाही आई" म्हणाला, पण तो जावई पडला, जावयाने नाही म्हणण्याला काय अर्थ? आईने स्टुलावर चढून तसबीर उतरवली, पदराने पुसली आणि आपल्या बॅगेत साड्यांच्या घडीत ठेवून दिली.

डबा स्क्रूवर परत गेला. रेडिएटर आपसूक गार झाले. नवऱ्याने ड्रिल काढलं आणि दुपारच्या सक्तीच्या शांततेच्या वेळी, घरमालक आणि शेजारी यांचा विचार न करता, शेजारीच दुसरं भोक पाडलं. त्या आवाजाने मुलगी दचकून उठली आणि जन्मल्यापासून पहिल्यांदा भोकाड पसरून रडली, आणि मग कितीतरी वेळ सलग प्यायली. "अहो, राहू द्या हो ते," आई म्हणत होती, पण त्याने तसबीर तिच्याकडून मागून घेऊन लावलीच.

घर निवलं, पण माझी तगमग काही थांबली नाही. कारण त्या दुपारपासून आईने बाळाला हात लावला नव्हता. मी द्यायला गेले की तिचे हात ओले असायचे, नाही तर कणकेत असायचे. "तुझ्याकडेच राहते ती," असं म्हणून ती वळायची. बाकी सगळं करत होती, डिंकाचे लाडू, माझं डोकं धुणं, लंगोट. फक्त बाळाला घेत नव्हती. मला बोलायचं होतं, आणि शुक्रवारच्या आधी बोलून उपयोग नाही हेही कळत होतं. वजन वाढलं नसतं तर मी काय बोलले असते, मलाच ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी हेबामं आली. कोट काढला, स्वेटर अंगातच ठेवला. घर एकोणीस अंशांवर होतं. झोळी आकड्याला लागली, मुलगी झोळीत गेली आणि काटा हलत राहिला. आई दाराच्या चौकटीत उभी होती, आत येत नव्हती.

"वाढलंय," हेबामं म्हणाली. "छान वाढलंय."

मी रडायला लागले. आईला जर्मन येत नव्हतं, तिने फक्त माझं रडणं बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, वाढलंय गं वजन," मी कसंबसं म्हणाले. "वाढलंय. घे तिला."

ती पुढे आली. झोळीपर्यंत आली आणि हात मागे घेतले. "गार आहेत माझे हात," ती म्हणाली. "बर्फ झालेत."

मी उठले. तसबिरीशेजारच्या डब्यापाशी गेले आणि एकोणीसचे बावीस केले. खिडकीखालच्या रेडिएटरमध्ये पाणी शिरल्याचा आवाज आला. आई तिकडे गेली, दोन्ही तळवे त्याच्यावर धरून शेकत उभी राहिली. हेबामंने मुलीला झोळीसकट गादीवर ठेवलं होतं आणि ती तराजू गुंडाळायची थांबली होती. आईने तळवे गालांना लावून बघितले, पुरेसे ऊन झालेत अशी खात्री करून घेतली, आणि मग नातीला उचललं.