अळणी श्रावण

फाल्गुनातल्या कलत्या उन्हात आमच्या मिठागराच्या वाफ्यांवर पांढरी साय धरू लागते, खाडीकडून ओल्या चिखलाचा उग्र खारट गंध येतो, आणि मला गेला श्रावण आठवतो.

मन उधाणू नये, खचूही नये म्हणून कित्येक वर्षं मी लिथियमची गोळी घेत होते. मन थाऱ्यावर आलं, त्या कृतज्ञतेपोटी मी श्रावणभर मीठ सोडायचा नेम धरला; मिठावर जगणाऱ्या घरातल्या सुनेनं देवाला आणखी काय द्यायचं? डॉक्टरांना विचारावं असं मनातही आलं नाही. जेवणातल्या मिठाचा नि गोळीचा काय संबंध!

आधी उलट्या-जुलाब झाले, ते मी उपासाच्या माथी मारले. मग मंगळागौरीला शेजारणीला कुंकू लावताना हात असा थरथरला की कुंकू तिच्या भुवईवर फिसकटलं. सगळ्या हसल्या, मीही हसले. दुसऱ्या दिवशी जीभ जड झाली, अंगणात झोकांड्या जाऊ लागल्या.

सासूबाई ओरडल्या, "आरं, ही झिंगल्यावानी का चालती हाय? बोलनं बी समजत न्हाय!"

ह्यांनी डॉक्टरांना फोन लावला. खाण्यात काही बदल झालाय का, हाच त्यांचा पहिला प्रश्न. मीठ सोडलंय म्हणताच ते म्हणाले, "पुढची गोळी देऊ नका. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या."

अंगातलं मीठ घटलं की शरीर हे औषध धरून ठेवतं आणि रक्तात ते विषासारखं साठतं, हे नंतर कळलं. शिरेतून थेंबथेंब खारं पाणी उतरत होतं. "दारात मिठाच्या राशी, आणि तुला बाटलीतून मीठ!" असं म्हणत हे माझ्या उशाशी रडले.

बरी होताच मी हट्ट धरला, आता ती गोळी नकोच. "तेव्हा थांबवली ती जीव वाचवायला," डॉक्टर म्हणाले. "कायमची एकदम सोडलीत तर जुना आजार उसळेल." मूत्रपिंडंही थकली होती, म्हणून सोडायची हे ठरलं, पण त्यांच्या देखरेखीखाली: कमी मात्रा, जोडीला दुसरं औषध, रक्ताच्या तपासण्या, आणि महिनोन्‌महिने हळूहळू उतरण. तेवढा काळ बांधावर हे, माझा तोल जाईल या धास्तीनं, माझ्या मागून चालायचे. मी चिडायचे, मी काय तान्हं पोर आहे?

गेल्या आठवड्यात शेवटची गोळी झाली. दुसरं औषध आहे, तपासण्याही आहेत. पण आज बांधावर हे पुढे निघाले, एकदाही वळून न बघता. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! वाफ्यातला मिठाचा खडा उचलून मी जिभेवर ठेवला.

बांध अरुंद झाला तिथे ह्यांनी न वळताच हात मागे केला. मी तो धरला. माझा हात स्थिर होता. कापत होता तो ह्यांचा.