सासूबाईंची मेणबत्ती आणि माझी लाल वायर

तमाम सभ्य स्त्री-पुरुषांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने एकदा एका मेलेल्या माणसाचं तोंड बंद केलं आहे.

हसताय? हसा. मी आयुष्यभर लोकांना हसवतच आलो. पण ही एक गोष्ट मी कुठल्याच बैठकीत सांगितलेली नाही. बायकोलाही नाही — तिला तर मुळीच नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी बहरीनमध्ये हॉटेलात नोकरीला, जनाबियाला कंपनीचं बैठं घर. संध्याकाळी वसईची चार टाळकी माझ्याकडे जमायची आणि मी किस्से सांगायचो. मग सासरे वारले आणि सासूबाई आमच्याकडे आल्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. किस्सा कितीही रंगात येवो, सात वाजले की रोझरी, जपमाळेची प्रार्थना — सगळी मैफल गुडघ्यांवर! आणि सातच्या आधी? आधी त्या माझ्या चुका काढायच्या. "बाबा, मागच्या वेळी तो कुत्रा काळा होता ना?" आता सांगा, अशा श्रोत्याचं माणसानं करायचं काय?

जूनमध्ये एसीचा थर्मोस्टॅट गेला — खोली तापली की यंत्राला 'चालू हो' सांगणारी भिंतीवरची डबी. सलमाबादच्या वर्कशॉपवाल्यानं सांगितलं, "शनिवारी, इंशाल्ला." कुठल्या शनिवारी, ते नाही सांगितलं. मी नवी डबी आणली आणि स्वतःच बसवली. चार वायरी, चार स्क्रू. लाल वायर सोडली की सगळं यंत्र मुकं होतं, एवढं त्या दिवशी शिकलो. नको तेच शिकलो.

त्याच आठवड्यात सासूबाईंनी पॅसेजमध्ये बरोबर त्या डबीखाली फळी ठोकून घेतली. फळीवर क्रूस, सासऱ्यांचा फोटो आणि मेणबत्ती. पहिल्याच संध्याकाळी मेणबत्ती पेटली, प्रार्थना सुरू झाली, आणि — टक्! छतावर काहीतरी धडधडलं. गार वारा आला, ज्योत वाकली. सासूबाई फोटोकडे बघून हळूच म्हणाल्या, "आले."

मला तेव्हाच कळलं होतं. मेणबत्तीची धग डबीला लागते, डबीला वाटतं घर तापलं. एवढंच. सांगायला काय हरकत होती? पण त्या रोज सासऱ्यांशी बोलायला लागल्या — आणि मला गंमत वाटत होती. हो, गंमत.

ऑगस्ट आला. बायकोच्या मनात आईला कायमचं ठेवून घ्यायचं होतं, व्हिसाचा अर्ज टेबलावर पडून होता. एका दुपारी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "तिकडे त्या घरात एकटीला झोप लागत नाही, बाबा. पण आज त्यांनाच विचारते. आले तर इथेच राहीन. नाही आले, तर मी तिकडेच असावी अशी त्यांची इच्छा."

हे त्यांनी कुणाला सांगितलं? मला. विश्वासानं.

पावणेसातला मी डबी उघडली आणि लाल वायर सोडली.

मेणबत्ती पेटली. डबी गप्प. त्या उकाड्यात रोझरीची पाचही रहस्यं म्हणून संपली. त्यांच्या गळ्यावरून घाम ओघळत होता आणि डोळे ज्योतीवर होते. ज्योत सरळ, खिळ्यासारखी. मग त्या "बरं" म्हणाल्या — मला नाही, फोटोला — आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आतून बॅग ओढल्याचा आवाज आला.

मी वायर परत जोडायला गेलो. आता ऐका — तिचं उघडं टोक माझ्या चिमटीत होतं. डबी मुकी, छत मुकं, खिडक्या बंद. आणि ज्योत वाकली. आडवी झाली, अगदी फळीला टेकेपर्यंत. माझ्या मानेवर गार वारा आला, दंडावरचे केस उभे राहिले. तो वारा एसीच्या कुठल्याही जाळीतून येत नव्हता.

सासूबाईंचं दार दहा पावलांवर होतं. नुसती हाक मारायची होती.

मी दोन बोटांनी मेणबत्ती विझवली.

त्या शुक्रवारच्या विमानानं गेल्या. त्या घरात सहा वर्षं एकट्या राहिल्या आणि एकट्याच गेल्या. ते आले होते, हे त्यांना मी कधीच कळवलं नाही. आता कुणाला कळवू?

त्या संध्याकाळी मी विझलेल्या मेणबत्तीसमोर उभा असताना बायको स्वयंपाकघरातून पॅसेजमध्ये आली. आली ती तिथेच थबकली, दोन्ही दंड चोळत माझ्या हातातल्या सुट्या वायरीकडे बघत राहिली आणि बोलून गेली,

"अहो, एसी बंद आहे ना? मग इथे एवढं गार कसं?"