फुटाला पाव इंच

दिनानाथ मिस्त्रींनी एकतीस वर्षांत एकही वस्तू तिच्या खऱ्या मापाची केली नव्हती. आणि त्यांच्याइतका अचूक माणूस अंबरनाथच्या कारखान्यांत दुसरा नव्हता.

ते पॅटर्नमेकर होते. पोलादाचा पंप ओतायचा तर आधी लाकडाचा पंप करावा लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा, आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं पोलाद ओतायचं. पोलाद निवताना आकसतं. फुटाला पाव इंच. म्हणून लाकडाचा पंप तेवढा मोठा करायचा. हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मिस्त्री पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत. "आधी पट्टी वाच. मग लाकडाला हात लाव."

सत्त्याऐंशी साली फाउंड्री बंद झाली. मिस्त्री अवजारं घेऊन बेलवलीला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आले. कुणाला पाट, कुणाला देव्हारा करून देऊ लागले. हात रिकामा राहिला नाही, पण डोकं रिकामं राहिलं.

एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर शेडच्या दारात श्यामकांत येऊन उभे राहिले. ते एका रासायनिक कारखान्यात अधिकारी. राहायला अंबरनाथ पश्चिमेला. गेली नऊ वर्षं ते घरी विमान बांधत होते. एकाच माणसाला बसता येईल असं, लाकडाचं नि कापडाचं. दोन वर्षं त्याचा एक पंख त्यांच्या बैठकीच्या खोलीत होता आणि पाहुणे वाकून आत जात. तरुणपणी ते फ्लाइंग क्लबात उडायला शिकले होते. ते वेड गेलं नव्हतं. दिल्लीहून परवानगी यायला चार वर्षं लागली. ती नेवाळीच्या युद्धकाळातल्या जुन्या धावपट्टीपुरती होती, सकाळी सात ते नऊ, आणि एकतीस मार्चला संपत होती. त्याआधी दहा तासांचं चाचणी-उड्डाण पुरं झालं नाही, तर फाइल पुन्हा पहिल्यापासून.

"विमान उडतं," श्यामकांत म्हणाले. "पण जात नाही. इंजिन नुसतं ओरडतं. आणखी रेटावं तर काटा लाल रेघेला लागतो. ताशी एकशे चाळीस किलोमीटरच्या पुढे हलत नाही."

त्यांनी गाडीतून जुना प्रोपेलर काढून दाखवला. कुठल्याशा क्लबच्या अडगळीतून आणलेला. मिस्त्रींनी पात्यावरून अंगठा फिरवला. एकदा बुंध्याशी, एकदा टोकाशी.

"साहेब, या पंख्याचे आटे बारीक आहेत. स्क्रू फिरतो फार, शिरतो कमी."

श्यामकांत त्यांच्याकडे बघत राहिले. "हे कळायला मला सहा महिने पुस्तकं वाचावी लागली."

असं ते काम मिस्त्रींकडे आलं. श्यामकांतांनी गणित करून नकाशा दिला. पाच फुटांचा पंखा. चढाईला थोडा जड, पण सरळ उड्डाणात लांब पल्ल्याचा. म्हणजे पिच जास्त, एका फेरीत हवेत जास्त पुढे शिरणारा.

लाकूड उल्हासनगरला मिळालं. मोडलेल्या जहाजातल्या केबिनची महोगनी. सिंधी दुकानदाराने फळीवर थाप मारली. "मिस्त्री, पंखा क्या बनाते हो? इसका पलंग बनाओ, सात पीढ़ी सोएगी।"

मिस्त्रींनी सात फळ्या एकावर एक चिकटवल्या. दर सहा इंचांवर रेघ मारली. प्रत्येक रेघेला नकाशातली रुंदी, जाडी आणि कोन. रंध्याने, मग कानशीने, मग काचेच्या तुकड्याने. मधली भोकं इंजिनच्या तबकडीवरूनच आखून घेतली. श्यामकांत तपासायला आले. त्यांनी पट्टी मागितली. मिस्त्रींनी हातातली दिली. माप केसाला केस जुळलं.

जानेवारीत पंखा विमानाला लागला. जांभूळच्या पाण्याच्या टाक्यांपासून रेल्वेच्या जुन्या तलावापर्यंत श्यामकांत वाऱ्याबरोबर एकदा आणि वाऱ्याविरुद्ध एकदा गेले. घड्याळ लावून सरासरी काढली. एकशे सदुसष्ट. खाली उतरल्यावर त्यांनी मिस्त्रींचे दोन्ही हात हातात घेतले. मिस्त्री त्या दिवशी बेलवलीपर्यंत सायकल हातात धरून चालत गेले. चढायचं लक्षातच राहिलं नाही.

पण इंजिनच्या फेऱ्या जुळत नव्हत्या. गणितानुसार पूर्ण जोरात मिनिटाला सव्वीसशे यायला हव्यात. काटा पंचवीसशेवर थांबे. श्यामकांतांनी मीटर बदलून पाहिला, कार्ब्युरेटर साफ केला. काटा तिथेच.

दुसरी गोष्ट कमळाबाईंनी सांगितली. धावपट्टीला लागून त्यांचं शेत. त्या भेंडी तोडता तोडता सगळी उड्डाणं बघत.

"मिस्तरी, आदी त्यो माजे बांधाशी उठं. आता पार बाबलीशी उठतो. त्याला खायला घालीत नाय का तुमचा सायेब?"

बांधापासून बाभळ दीडशे पावलं होती. बाभळीपुढे धावपट्टी फुटलेली होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात श्यामकांतांनी ठरवलं. "इंजिनचा दम गेलाय. रविवारी मेकॅनिक येतोय. उघडूनच बघतो."

"उघडल्यावर किती दिवस?"

"आतले पार्ट बाहेरून मागवावे लागतात. दोन महिने, तीन महिने." ते विमानाकडे बघत म्हणाले. "परवानगी जाईल. पण दुबळं इंजिन घेऊन बाभळीवरून रोज कोण उडणार? अजून साडेतीन तास उडायचंय."

पंख्याबद्दल कुणाला शंका आली नव्हती. त्यांना स्वतःलाही नाही.

त्या शुक्रवारी त्यांची बायको सुनेत्रा त्यांच्याबरोबर नेवाळीला आली. पहाटेचं दव पंख्यावर बसू नये म्हणून तिने खाकी कापडाची खोळ शिवली होती. दोन पात्यांना दोन लांब पिशव्या, मध्ये गुंड्या. वाऱ्याने फडफडू नये म्हणून अगदी मापाला धरून. पिशव्या पात्यांवर चढल्या. गुंड्या लागेनात. मध्ये बोटाहून जास्त फट राहिली.

"पाच फूट म्हणाला होतात ना?" सुनेत्राने विचारलं.

"पाचच आहे. तुझी टेप आखडलीय. धुतलीस का कधी?"

"टेप कोण धुतं हो?"

घरी आल्याबरोबर मिस्त्रींनी शेडमधली पट्टी आणली आणि ओट्यावर तिच्या टेपला लावली. पट्टीचे दोन फूट संपले तिथे टेप साडेचोवीस इंच दाखवत होती.

"बघ. दोन फुटांत अर्धा इंच खोटी."

सुनेत्रा आत गेली. शिवणाच्या डब्यातली दुसरी टेप घेऊन आली, आणि मुलीची शाळेतली लाकडी फूटपट्टी. दोन्ही तिच्या टेपला जुळल्या.

"आता या तिघींनी मिळून कट केला म्हणा."

मिस्त्रींनी आपली पट्टी उलटी केली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत कोरलं होतं, पोलाद, फुटाला पाव इंच.

ती आकसण्याची पट्टी होती. तिचा प्रत्येक इंच मुद्दामच मोठा. एकतीस वर्षं हातात तीच. साधी पट्टी त्याच खिळ्याला तिच्यामागे टांगलेली होती, धूळ खात. हाताने सवयीने पुढची घेतली. डोळ्यांनी वाचली नाही. साहेबांनी तपासलं तेही तिच्यानेच.

पाच फुटांना सव्वा इंच. लांबी, रुंदी, जाडी, सगळंच तेवढ्या पटीत मोठं. जणू तो पंखा कुणी पोलादात ओतणार होतं.

मिस्त्री ओट्यावर बसून राहिले. सुनेत्राने चहा आणून ठेवला. तो निवला.

"नाव जाईल," ते म्हणाले.

"टेपचं नाव तर सकाळीच घालवलंत."

त्यांनी वर पाहिलं. ती हसत नव्हती. "त्या माणसाने नऊ वर्षं घातलीत," ती म्हणाली. "उद्या शनिवार आहे. घरी असतील."

सकाळी मिस्त्री अंबरनाथला गेले. दोन्ही पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळून नेल्या. श्यामकांत अंगणात पाना-पक्कड पुसत बसले होते, रविवारच्या तयारीत.

"साहेब, इंजिन उघडू नका. त्याला काही झालं नाही. चूक माझी आहे."

त्यांनी पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. श्यामकांतांनी पट्ट्यांकडे पाहिलं. मग मिस्त्रींकडे.

"किती?"

"पाच फुटांना सव्वा इंच."

"सगळीकडे? पिचसुद्धा?"

"सगळीकडे."

श्यामकांतांनी पेन्सिल घेतली. बराच वेळ आकडे मांडले. मिस्त्री उभेच होते. बसा म्हटलेलं त्यांना ऐकू आलं नव्हतं.

"पंखा दोन टक्के मोठा," अखेर श्यामकांत म्हणाले, "तर ताकद दहा टक्के जास्त मागतो. फेऱ्या साधारण शंभराने उतरायला हव्यात." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "दोन महिने मी त्या इंजिनला शिव्या देतोय, मिस्त्री. ते खरं बोलत होतं."

"मी खोटं बोललो."

"पट्टी मीही लावली होती. तुमच्या हातातली. तुमच्या हातातली पट्टी कोण तपासणार?"

हे मिस्त्रींना सगळ्यात जास्त लागलं.

मेकॅनिकला नको म्हणून निरोप गेला. रविवारी सकाळी नेवाळीला पंखा उतरवून दोन खुर्च्यांवर आडवा ठेवला. मिस्त्रींनी साध्या पट्टीने दोन्ही टोकांना पाच-पाच सूत, मिळून सव्वा इंच, मोजले. मोजून पट्टी श्यामकांतांकडे दिली.

"तुम्ही मोजा. आणि तुमच्या घरच्या टेपने मोजा."

मग बारीक दातांच्या करवतीने दोन चापट तुकडे कापले. टोकं गोल केली, घासली, वार्निश लावलं. बुंध्यातल्या भोकात गुळगुळीत सळई घालून पंखा दोन धारांवर तोलला. एक पातं हळूहळू खाली गेलं. दुसऱ्याला वार्निशचा आणखी एक हात दिला. तरी जरासं जातच होतं. तिसऱ्या हातानंतर पंखा आडवा स्थिर राहिला.

कमळाबाई टोपली घेऊन बघत उभ्या होत्या. "येवड्याशा ढलपीनी काय व्हायचं?"

"बघा ना," मिस्त्री म्हणाले. त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

वार्निश वाळायला दोन दिवस दिले. बुधवारी सात वाजता श्यामकांत निघाले. मिस्त्री बांधाशी उभे राहिले. विमान त्यांच्यासमोरून गेलं. चाकं जमिनीवर होती, मग नव्हती. बाभळ अजून खूप पुढे होती. कमळाबाई भेंडी तोडत राहिल्या.

श्यामकांत पाऊण तासाने उतरले. "पंचवीसशे सत्तर. उरलेल्या तीस पिचमध्ये गेल्या. त्या तिथेच राहू देत, लांब पल्ल्याला कामाच्या आहेत. वेग एकशे सत्तर."

विमानाच्या वहीत प्रत्येक बदल लिहावा लागतो. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून लिहिलं, प्रोपेलरची टोकं प्रत्येकी पाच अष्टमांश इंच कापली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, फेऱ्या वाढवण्यासाठी.

मिस्त्रींनी वाचलं. "साहेब, हे कारण नाही."

"खोटंही नाही."

"कारण लिहा. मिस्त्रीने चुकीच्या पट्टीने माप घेतलं. खाली मी सही करतो."

"पुढे कुणी वाचलं तर?"

"त्यासाठीच."

श्यामकांतांनी आधीची ओळ एका रेघेने खोडली आणि सांगितलं तसं लिहिलं. मिस्त्रींनी सही केली. दिनानाथ, पॅटर्नमेकर, बेलवली. तारीख घातली.

दहा तास सव्वीस मार्चला पुरे झाले. त्या दिवशी सुनेत्रा खोळ घेऊन आली. तिने ती उसवली नव्हती, की वाढवलीही नव्हती. मिस्त्रींनी पिशव्या पात्यांवर चढवल्या आणि मधल्या गुंड्या एक एक करून लावल्या. सगळ्या लागल्या.