लाँच वर येऊ दे

माझ्या नोकरीत दिवसभर एकच बघायचं: दोन ठिकाणच्या विजेत किती अंतर पडलंय. वीज लाटेसारखी वरखाली होते. एका टोकाची लाट जरा पुढे, दुसऱ्याची जरा मागे. त्या फरकाला आम्ही कोन म्हणतो. पडद्यावर दोन बाण संथ झुलत असतात आणि बघता बघता माझी तंद्री लागते. घरचे चिडवतात, ही पगार घेऊन झोपा काढते. काढते, बरं!

लहानपणी रेवसला लाँचमध्ये चढताना मी उडी मारायला बघायची. बाबा दंड धरून ठेवायचे. "थांब गं. लाँच वर येऊ दे, धक्क्याच्या पातळीला आली की पाय टाक." कोन मला तिथेच कळला. कॉलेजात नुसतं नाव कळलं.

त्या दुपारी वाऱ्याने आमची मोठी लाईन बंद पडली. उरलेल्या लांबच्या लाईनला भार झेपेना, म्हणून चौलकडच्या गावांची वीज बंद ठेवली. चौललाच आमचं घर, आणि घरात बाबा ऑक्सिजनच्या मशीनवर. वीज गेल्यावर लावायचा सिलिंडर होता, पण संपत आलेला. आईचा फोन आला, "अगं, तुझ्याच हातात आहे ना लाईट? मग दे की!"

लाईन दुरुस्त झाली होती, बटण समोर होतं. पण कोन फार मोठा. तसंच जोडलं असतं तर दणक्याने होती नव्हती ती वीजही गेली असती. वरच्या ऑफिसशी मी फोनवर कडाकडा भांडले. "तिकडची वीजनिर्मिती उतरवा हो लवकर, म्हणजे कोन कमी होईल!"

"उतरवतोय मॅडम. हळूहळूच होणार."

कोन मोठा असताना बटण चालत नाही. ती अडवणूक काढायची चावी ड्रॉवरमध्ये होती. हात गेलाच तिच्याकडे, खोटं कशाला सांगू?

मग बाण एकमेकांजवळ सरकायला लागले. बाहेर तारा गुणगुणत होत्या, ऊन पिवळं पडलं होतं. मला पडद्यावर रेवसचं पाणी दिसायला लागलं, दंडावर बाबांची बोटं जाणवली. मी आपली धक्क्यावर उभी. लाँच वर येत होती. आली. मी बटण दाबलं.

घरी फोन लावला तो बाबांनीच उचलला. मागे मशीन घरघरत होतं.

"पाय..." त्यांना धाप लागली. "पाय नीट टाकलास ना?"

"हो, बाबा," म्हटलं, "लाँच वर येऊ दिली."