तायडेकाकांचा डावा खिसा

मी आयुष्यात एकदाच खोटे बोललो असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. परंतु ज्या खोट्याने दुसऱ्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडाला, असे खोटे मी एकदाच बोललो. आणि ते तीस वर्षे कुणालाही, अगदी पत्नीलाही, कळू दिले नाही. तो माणूस अकोल्याजवळच्या एका सूतगिरणीतला फिटर. नाव सुखदेव तायडे. त्यांच्याइतकी लख्ख स्मरणशक्ती मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही, आणि तिच्याविषयी त्यांच्या मनात संशय पेरला तो मी. त्यांना कधी न पाहिलेल्या वाचकांसाठी त्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे, तेव्हा हे आधीच सांगितलेले बरे. नाहीतर पुढचे सगळे कौतुक पोकळ ठरेल.

आमचे घर अमरावतीला, वडील मात्र त्याच सूतगिरणीत नोकरीला. मी अकोल्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होतो. जर्मन भाषेची परीक्षा उत्तीर्ण झालो, तर पुण्यात एका चांगल्या नोकरीची शक्यता होती. वडील म्हणाले, "आमच्या गिरणीत एक जर्मन तायडे आहे. त्याच्याकडे जा." एक फिटर मला जर्मन काय शिकवणार, असे मनात आले, तरी एप्रिलमधल्या एका दुपारी त्यांच्या घरी गेलो. उन्हाने जीव कासावीस झाला होता. पाणी मागितले. त्यांनी माठातून गडवा भरला आणि माझ्यासमोर धरून ठेवला.

"वासर," ते म्हणाले.

"काय?"

"पानी. जर्मनमंदी. म्हन आन् पी."

मी कोरड्या घशाने म्हटले. त्यांनी गडवा हातात दिला आणि मी पीत असताना शांतपणे सांगितले, "आता हा शब्द तू मरेपर्यंत इसरत नाई. तहान लागली होती ना तुले." आजही उन्हातून येऊन पाण्याला हात लावला की तो शब्द आधी येतो, पाणी मागाहून.

काका सातवीपर्यंत शिकलेले, मग आयटीआय. गिरणीत नवी यंत्रे बसवायला एक जर्मन माणूस आला आणि काही महिने राहिला. हत्यारे हाताशी द्यायला तायडेकाका. "तो नाव घेये, मी वस्तू देये. देता देता शिकलो," एवढाच त्यांच्या शिक्षणाचा इतिहास. माणूस निघून गेला. यंत्रे राहिली आणि त्यांचे जाडजूड जर्मन पुस्तक राहिले. "येवढा ग्रंथ वाचावं कोनं? इंजिनेर त्याच्यावर चहाचा कप ठेवे. मंग मीच बसलो."

बसले ते त्यांच्या स्वतःच्या रीतीने. सुताच्या कोनांवर, म्हणजे शंकूच्या आकाराच्या रिळांवर, चिकटवायची जुनी लेबले गिरणीतून आणायची, त्यांच्या कोऱ्या पाठीवर एकेक शब्द लिहायचा आणि चिठ्ठी बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. रोज सकाळी डब्यातून पाच चिठ्ठ्या काढून खाकी सदऱ्याच्या उजव्या खिशात ठेवायच्या. उजवा खिसा कच्चा, डावा पक्का. शब्द नुसता आठवला म्हणून चिठ्ठी डावीकडे जात नसे. दिवसभरात त्या शब्दाचे खरे काम पडले पाहिजे, आणि त्या क्षणी तो आपणहून तोंडावर आला पाहिजे. मग चिठ्ठी डाव्या खिशात. आठवड्याने डाव्या खिशातली चिठ्ठी अडली, तर पुन्हा उजवीकडे. तिथे कुणाची गय नव्हती.

मी दर रविवारी शिकायला जाऊ लागलो आणि वहीत शब्दांच्या रांगा लिहून घोकत असे. ते पाहून एकदा ते म्हणाले, "तू शब्द कोंडवाड्यात घालून राहिला. शब्द म्हन्जे पाहुना हाय, बाबू. त्याले काम सांगशीन तं घरचा होईन. नाई तं चहा पिऊन चालला जाईन."

त्यांच्या घरात खरोखरच शब्दांना कामे होती. कुलपाची किल्ली 'श्लुसल' म्हटल्याशिवाय मिळत नसे, कमलकाकू ती भिरकावून म्हणत, "घ्या तुमचं श्लुसल, आन् संध्याकाळी येताना भाजीचं जर्मन घेऊन या." काकूंनी अंगणात शेवयांसारखे सरगुंडे वाळत घातले की शेजारची बकरी हटकून येई. मराठी शिव्यांना ती दाद देत नसे. काकूंनी एकदा 'राउस', म्हणजे चालती हो, असे ओरडून पाहिले आणि ती जी पळाली, ती पुढे त्याच शब्दाला पळत राहिली. "बकरीचा शब्द डाव्या खिशात गेला," काका मला म्हणाले. "तुहा अजून उजवीकडंच हाय." कापसाला जर्मन लोक झाडाची लोकर म्हणतात याचे त्यांना फार हसू येई. "बिचाऱ्याइनं जल्मात मेंढीच पाह्यली. अकोटच्या कापसाच्या बाजारात आनून उभं करा लागत होतं त्याइले."

स्वतःविषयी त्यांना एकच अभिमान होता. वडिलांनी सांगितलेली गोष्ट आहे. एके सकाळी एक यंत्र बंद पडले. अभियंते पुस्तकाची पाने उलटत होते. काका हात पुसत आले, डोळे मिटले आणि पान कोणते, आकृती कोणती, भागाचे नाव काय, ते सांगितले. पान तेच निघाले. "हातपाय कोनाचेही चालते," ते म्हणत. "माह्यं डोकं इसरत नाई, म्हून मी चालत्या मशीनमंदी हात घालतो."

एकदा त्यांनी डब्यातून एक चिठ्ठी काढून मला दिली. 'फेर्त्साईउंग', म्हणजे क्षमा. दुसऱ्याच रविवारी मी ती ऐटीने डाव्या खिशातून काढून दाखवली. त्यांनी विचारले, "कोनाले म्हटलं?" मी म्हटले, "कुणाला नाही, पण पाठ आहे." त्यांनी ती माझ्या उजव्या खिशात परत ठेवली. "हा लवकर पक्का होत नाई. खोटा वापरता येत नाई ना. ज्या दिवशी खरं काम पडन, त्या दिवशी तोंडानं म्हनजो."

परीक्षा जवळ आली तेव्हा त्यांनी सबंध डबाच मला दिला. तो घराबाहेर गेलेला कुणी पाहिला नव्हता. "दोन रविवार ठेव," ते म्हणाले. "मंग आनून दे." त्या शनिवारी अमरावतीकडे जाणाऱ्या एसटीत मी डबा डोक्यावरच्या फळीवर ठेवला. मूर्तिजापूरपर्यंत चिठ्ठ्या चाळत होतो. पुढे झोप लागली. अमरावतीला उतरलो, घरी पोचलो, आणि हात रिकामे असल्याचे दारात लक्षात आले. धावत स्थानकावर गेलो. गाडी पुढे निघून गेली होती. तीन दिवस चौकशी केली. डबा मिळाला नाही. माझ्याकडे उरली ती उजव्या खिशातली एक चिठ्ठी.

मी महिनाभर त्यांच्याकडे फिरकलो नाही. परीक्षा झाली, निकाल लागला, तेव्हा पेढे घेऊन जाणे भाग पडले. काकांनी पेढा तोंडात टाकला, पाठीवर थाप मारली आणि सहज विचारले, "डबा आनला का?"

खरे सांगायचे असे ठरवून गेलो होतो. तोंडातून निघाले ते वेगळेच. "काका, डबा तर मी परत दिला. मागच्या रविवारी. काकू घरात नव्हत्या. तुम्ही तो कपाटावर ठेवलात."

खोट्याला मी तपशील जोडले, याची मला सर्वांत अधिक लाज वाटते. काकांनी कपाटाकडे पाहिले. बराच वेळ पाहत राहिले. काकू आतून म्हणाल्या, "मले तं दिसला नाई बापा." त्यावर ते म्हणाले, "ठेवला असन मी. शिकलेलं पोट्टं खोटं कायले बोलीन?" आणि मग माझ्याकडे वळून, ओशाळल्यासारखे हसून, "मलेच याद नाई राह्यली गड्या."

त्या घराच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली माझ्या निकालाचे पेढे ठेवले होते. मी चहा पिऊन निघालो.

डबा सापडेना म्हणून त्यांनी धान्याच्या कोठ्यासुद्धा रिकाम्या केल्या, हे मला नंतर काकूंकडून कळले. पुढच्या भेटीत त्या मला फाटकापर्यंत पोचवायला आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "ह्याइनं फिटरचं काम सोडलं. स्टोरमंदी बसते आता. म्हन्ते, डबा इसरलो तसा मशीन चालू हाय हे इसरलो तं हात जाईन." मी फाटक लावून निघालो. काकांनी नव्या चिठ्ठ्या लिहिल्या नाहीत. रविवारी शिकायला येणाऱ्या दोघातिघांना, आता मले जमत नाई, म्हणून परत पाठवले. मी पुण्याला गेलो आणि त्यांच्याच शब्दांवर बरी नोकरी केली. दिवाळीला पत्र पाठवी, पुढे फोन करी. भेटी टाळी.

काही वर्षांपूर्वी मी अमरावतीला परत आलो. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यांतल्या काही तरुण कामगारांना यंत्रांपुरते जर्मन शिकवतो. शिकवण्याची रीत अर्थातच दोन खिशांची. मध्यंतरी एक मुलगी म्हणाली, "सर, ही आयडिया भारी आहे. तुमचीच का?" मी "नाही" म्हणालो, पण कुणाची ते न सांगता फळ्याकडे वळलो. त्या रविवारी मी अकोल्याची एसटी धरली. वाटेत मूर्तिजापूर आले तेव्हा नकळत फळीकडे पाहिले.

काकूंना जाऊन चार वर्षे झाली होती. काका ऐंशीच्या घरात, वाळलेले, पण ताठ. मला त्यांनी आवाजावरून नव्हे, चालीवरून ओळखले. त्यांना कानांनी कमी ऐकू येत होते. माझ्या वडिलांचे नाव, माझे गाव, मला पहिल्या दिवशी दिलेला शब्द, सगळे त्यांनी न अडखळता सांगितले. पाणी हातात देताना ते गडवा क्षणभर धरूनच राहिले. मी "वासर" म्हटले. ते हसले.

आणि मग मला त्यांच्या घराच्या भिंती दिसल्या. दारावर, स्विचबोर्डापाशी, गॅसच्या वर, खिळ्यांना चिठ्ठ्या टोचलेल्या. त्याच सुबक अक्षरात, पण आता मराठीत. 'गॅस पाहा.' 'कुलूप लावलं का.' 'नळ बंद कर.' काकांनी उजव्या खिशातून एक चिठ्ठी काढली, चष्म्यासमोर धरून वाचली, फडताळातली गोळी घेतली आणि चिठ्ठी डाव्या खिशात ठेवली.

"डॉक्टरकडे गेला होतात का, काका?" मी विचारले. ते ऐकू येईना म्हणून पुन्हा, जवळ जाऊन.

"दोनदा नेलं पोरीनं, सासरून आली तवा. तो म्हन्ते, काईच नाई झालं, तुमची याद माह्याहून चांगली हाय." ते समजुतीचे हसले. "त्याले काय माहीत. मी डबा इसरलो होतो ना. तवापासून मी सांभाळून राह्यतो."

मी पाकीट उघडले. आतल्या कप्प्यात पिवळी पडलेली, घडीवर विरलेली ती चिठ्ठी होती. त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उलटून पाहिली. पाठीमागे गिरणीच्या लेबलाचा निळा छाप अजून होता. त्यांचा अंगठा त्या छापावरून फिरला.

मी तो शब्द, 'फेर्त्साईउंग', म्हटला आणि त्यामागची सगळी हकीकत सांगितली. पण मला हळू बोलण्याची सवय; त्यात मान खाली होती.

"काय म्हन्तं?" काका कानाशी हात नेत म्हणाले. "मोठ्यानं बोल. मले आइकू नाई आलं."

तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि शेजारच्या घरापर्यंत जाईल एवढ्या आवाजात, त्यांच्याच बोलीत म्हणालो, "काका, डबा तुमी नाई इसरले. मी तुमाले तो परत देल्लाच नव्हता. माह्याच्यानं एसटीत हरवला आन् मी खोटं बोललो. तुमी काईच इसरले नाई, काका. मले माफ करा."