मुकादम आणि गारठलेली बशी

“वन्सं, ते शिलाईचं मशीन आत्यांनी मला दिलंय. गंज खात पडलं होतं तेव्हा तुम्हाला नाही आठवलं, आत्ता बरं शिवण सुचलं?”

फोन कान नि खांद्यात दाबून पेशीवाली नणंदेशी भांडत होती. प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या, त्यांना खाऊपिऊ घालायचं, हे तिचं काम. म्हणून हे नाव. पोरांपेक्षा पेशींचे लाड जास्त, असं नवरा म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं.

पेशीच्या पोटात दोऱ्यावाशांचा सांगाडा असतो. दोऱ्या ओढायचा हुकूम एक एन्झाइम सोडतं. सगळे त्याला मुकादम म्हणत. जखम झाली की मुकादम हाकारतो, पेशी आकसतात, जखम मिटते. इथवर गुणी. पण एखाद्याचा मुकादम जखम भरली तरी ओरडतच राहतो, आणि आतलं मऊ यकृत वाळल्या चामड्यागत होतं. त्याचं तोंड बांधायचं औषध प्रयोगशाळेच्या सरांनी केलं होतं.

भांडण चालू असतानाच सर आले, ओट्यावरची औषध घातलेल्या पेशींची बशी उचलून मायक्रोस्कोपखाली धरली. पेशी हातपाय पसरून निवांत पडलेल्या हव्या होत्या. त्या तर अंग चोरून गोळा झालेल्या.

सरांचा चेहरा पडला. पण माणूस हुशार. जेवणापर्यंत त्यांनी फळ्यावर मुकादमाच्या मागं, त्याचं तोंड बांधलं तरी हाकारणारा दुसरा, छुपा मुकादम काढला. त्याला मिशाही दिल्या. औषध बाद, पण हा नवा शोध संध्याकाळच्या बैठकीत सांगायचा, असं ठरवून टाकलं.

बशी उबेच्या कपाटातून काढून पेशीवालीनं गार स्टीलच्या ओट्यावर ठेवली होती, एसीच्या तोंडाशी. गारठ्यात पेशीतले वासे विरघळतात नि पेशी गोळा होते, हे या धंद्यात कुणालाही ठाऊक. बोलावं तर नोकरी जाते, गप्प बसावं तर चांगलं औषध कचऱ्यात.

“सर, बशी बाहेर राहिली होती. मी फोनवर होते.”

“किती वेळ?”

“नणंदेशी जेवढा लागतो तेवढा.”

सरांना बहीण होती. ते रागावले नाहीत, फळ्यावरच्या मिशांकडं बोट केलं.

“पण थोडाफार असेल ना गं, मागं कुणी?”

“नसेल हो सर.”

त्यांनी मिशा पुसल्या, मग उरलेला मुकादम. बैठकीत काहीच सांगायचं नाही म्हणाले. “नव्यानं लाव. नि तो फोन माझ्याकडं दे.”

तिनं फोन दिला, हातमोजे चढवले आणि पेशींचं खाणं कोमट करायला ठेवलं.